दीक्षाभूमीला विमानाने जाताना : कोल्हापूर विमानतळावर काय सांभाळायचे

सातारा-सांगलीहून नागपूरला जायचे म्हणजे महाराष्ट्र एक्स्प्रेस आणि जवळपास एका दिवसाचा प्रवास, हे आपल्याकडे ठरलेलेच. अशोक विजयादशमीच्या आसपास त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि वयस्कर आई-वडिलांचे हाल होतात. मे २०२५ मध्ये स्टार एअरने कोल्हापूर-नागपूर थेट विमान सुरू केले, तेव्हापासून कार्यकर्त्यांमध्ये त्याची चौकशी होऊ लागली. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्यांसाठी म्हणून हे लिहीत आहोत.

लहान विमानतळाची पहिली अडचण म्हणजे पुढचे विमान लगेच नसते. मुंबईत एक चुकले तर दोन-तीन तासांत दुसरे मिळू शकते. इथे दुसरा दिवस उजाडतो, कधी त्याहून जास्त. त्यामुळे वार आणि वेळ तिकीट काढताना पाहाच, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावर पुन्हा पाहा. वेळापत्रक बदलते.

विमानतळ उजळाईवाडीला, महामार्गालगत आहे. सांगलीहून अंतर साधारण ५० किलोमीटर, साताऱ्याहून सव्वाशेच्या आसपास. सातारकरांना पुणेही तितकेच पडते, म्हणून दोन्हीकडचे भाडे ताडून पाहावे. महामार्गाच्या रुंदीकरणामुळे कुठे किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. तास-दीड तास हाताशी ठेवा. सामान देण्याची खिडकी बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या ६० मिनिटे आधी बंद करतात. मग विनवण्या करून उपयोग नसतो. ऑनलाइन चेक-इन घरीच उरका.

तिकिटावरचे नाव ओळखपत्राप्रमाणेच हवे. आपल्यात अनेकांनी आडनाव बदलले आहे. आधारवर एक, मतदार कार्डावर दुसरे असे असते. जे कार्ड सोबत नेणार, त्यावरचेच नाव तिकिटावर घाला. गटाची तिकिटे एकच जण काढतो तेव्हा हा घोटाळा हमखास होतो, म्हणून प्रत्येकाच्या कार्डाचा फोटो आधी मागवून घ्या.

आता सामान. देशांतर्गत विमानात सहसा हातात ७ किलो आणि आत देण्यासाठी १५ किलो चालते. जाताना अडचण नसते. परतताना मात्र दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून बाबासाहेबांचे खंड घेतलेले असतात, आणि जास्तीच्या प्रत्येक किलोला मोजावे लागणारे पैसे पाहून पुस्तक महाग वाटू लागते. पुस्तके घेणे सोडू नका, टपालाने पाठवा. टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही पुस्तकांसाठीची सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ५ किलोपर्यंतच्या पाकिटाला कर सोडून १०० रुपये लागतात. पोहोचायला वेळ लागतो, एवढेच. पंचशील ध्वजाची काठी आणि धातूची बुद्धमूर्ती आत द्यायच्या सामानात ठेवा. पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच हवी. काडेपेटी आणि लायटर कुठेच चालत नाही.

कंपनीने विमान रद्द केले तर पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा, यांतले काय हवे ते आपण ठरवायचे. खिडकीवर ‘असे काही नसते’ म्हणाले तरी हा हक्क आहे. उशीर दोन तासांहून जास्त असेल तर खाण्यापिण्याची सोय कंपनीने करायची असते. नागपूरहून पुढे दुसरे विमान धरायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर काढा. वेगवेगळी काढली तर पहिल्याच्या उशिराची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही.

आणखी एक. १९०१ मध्ये साताऱ्याहून निघालेले लहानगे भीमराव भावंडांसह मसूर स्टेशनवर उतरले. जात कळताच स्टेशनमास्तरचा नूर पालटला आणि गाडीवाले न्यायला तयार होईनात, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आज तिकीट काढणाऱ्याला कुणी खिडकीवर कमी लेखण्याचे कारण नाही. कुणी अरेरावी केलीच तर वाद न घालता बिल्ल्यावरचे नाव आणि वेळ टिपून घ्या, कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि दाद लागली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’वर नोंदवा. तक्रारीसोबत जोडायला बोर्डिंग पास जपून ठेवा.