लक्ष नाही, की ऐकूच येत नाही?

दोस्तांनो, सर्दी झाली की कानात बोळा घातल्यासारखं वाटतं ना? आई हाका मारते, तुम्हांला पत्ताच नसतो. मग बोलणी बसतात, "कान कुठे आहेत तुझे?" कान जागेवरच असतात, आतली एक वाट बंद झालेली असते.

आवाज म्हणजे हवेतली कंपनं. बाहेरचा कान ती गोळा करून नळीत सोडतो. नळीच्या टोकाला पातळ पडदा असतो. तो थरथरला की मागची तीन हाडं हलतात : हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातलं सर्वांत लहान हाड! ती शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीतला द्रव हलवते. तिथल्या सुमारे १५ हजार रोमपेशी ही हालचाल टिपतात आणि मज्जातंतूतून मेंदूला संदेश जातो.

ही हाडं असतात हवेच्या एका छोट्या पोकळीत. तिथे हवा येते नाकाच्या मागून, एका बारीक नळीतून. आपण गिळतो, जांभई देतो तेव्हा ही नळी उघडते. म्हणून तर घाटात एसटी चढताना कानाला दडे बसले, की आवंढा गिळताच 'टक्' होऊन कान मोकळे होतात.

मुलांमध्ये ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते. सर्दीत ती सुजून बंद होते. मग पोकळीत पाणी साठतं आणि पडदा नीट हलत नाही. त्यात जंतू वाढले तर कान ठणकतो. कधी पडद्याला भोक पडून पू वाहतो. पण नुसतंच पाणी साठलं, तर बहुधा दुखत नाही! खरी गोम इथेच आहे. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, सारखं "काय?" विचारतं, श्रुतलेखनात शब्द चुकवतं आणि सगळे म्हणतात, "याचं लक्षच नसतं!"

आईबाबांनो, रागावण्याआधी कान तपासून घ्या. हे पाणी बरेचदा आपोआप ओसरतं. तीन महिन्यांनीही तसंच राहिलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे उपाय आहेत.

आणि हो, कानात काडी किंवा पिन घालू नका. मळ हा कानाचा पहारेकरी; तो धूळ अडवतो आणि बहुधा आपणहून बाहेर येतो. काडीने उलट आत ढकलला जातो, पडदाही फाटू शकतो. वाहत्या कानात तेल तर मुळीच नको. फटाके आणि मोठ्या भोंग्यांपासून लांब राहा, इअरफोनचा आवाज कमी ठेवा. मेलेल्या रोमपेशी पुन्हा उगवत नाहीत.

कमी ऐकू येतंय असं वाटलं, तर लाजू नका. सरळ घरी आणि बाईंना सांगा. ती काही तुमची चूक नव्हे!