ऐकून घ्यायची इंटर्नशिप

इंटर्नशिप म्हटलं की अमरावती-अकोल्याच्या पोरापोरींना पुणं, हिंजवडी आणि लॅपटॉप आठवतो. मीपण त्याच वाटेनं गेलो. पण एक इंटर्नशिप अशी आहे, जिच्यात मुख्य काम म्हणजे समोरच्याचं ऐकून घेणं. ख्रिस्ती समुपदेशनात ती शंभर वर्षं जुनी आहे.

१९२५ चा उन्हाळा. अमेरिकेत वुस्टरच्या मनोरुग्णालयात अँटन बॉइसन या पाद्र्यानं धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी कामाला आणले. बॉइसन स्वतः आधी मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: पुस्तकं वाचता, तसा दुःखातला माणूसही वाचायला शिका.

पुढे यातून एक पद्धत रुजली. विद्यार्थी रुग्णाला भेटतो आणि परत येऊन, आठवेल तसा संवाद लिहून काढतो. तो काय म्हणाला, मी काय म्हणालो. मग मार्गदर्शक आणि सोबती ते वाचतात. आमच्या कोड रिव्ह्यूसारखंच!

समजा, समोरचा म्हणाला, “रातभर झोप नाई येत भाऊ, कशातच मन नाई लागत.” विद्यार्थी म्हणाला, “देवावर भरोसा ठेवा, सगळं नीट होईल.” आता रिव्ह्यूमध्ये प्रश्न येतो: हा धीर त्याच्यासाठी होता, की तुझीच घालमेल थांबावी म्हणून? नुसतं “कधीपासून होते असं?” विचारलं असतं, तर तो पुढे बोलला असता. प्रार्थना त्यानं मागितली तर करायची, लादायची नाही.

हे वऱ्हाडात चालेल का? चाललेलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम झाला. तो चर्चचा नव्हता, पण कामाचं सूत्र जवळचं होतं. प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कार्यकर्ते आणि समुपदेशक लोकांशी बोलायचे, आणि त्रास जास्त असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे. २०१७ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधीच्या पाहणीत ४.३ टक्के होतं, नंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के निघालं. म्हणजे डॉक्टरची पदवी नसलेला माणूसही उपयोगी पडतो, पण शिकवलेला असेल आणि पाठीशी कोणी असेल तरच.

म्हणून चर्चमध्ये असो की एखाद्या संस्थेत, अशी इंटर्नशिप घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. माझं काम दर आठवड्याला कोण तपासणार? ऐकलेली गोष्ट गुप्त कशी राहणार? आणि कोणी जीव द्यायची भाषा केली, तर त्याच क्षणी मी कोणाला फोन करायचा? उत्तरं मिळाली नाहीत, तर प्रमाणपत्र कितीही चांगलं असो, तिथं जाऊ नका. शिकाऊ माणसाला एकट्यानं असं ओझं उचलायला लावणं त्याच्यासाठीही वाईट आणि समोरच्यासाठीही.

आणि तुमचंच मन जड असेल, तर १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे; मोफत आणि चोवीस तास. मराठीत बोला, बिनधास्त. भेटू पुढच्या भागात!