व्हायरस तुमच्यासाठी नव्हता, तरी धंदा तुमचा बंद पडू शकतो



धुळ्यात सायबर सुरक्षेचा विषय काढला की एक उत्तर हमखास येतं: "सर, आपलं छोटं काम. आपल्याला कोण हॅक करणार?" म्हणणं बरोबर आहे. तुम्हाला कोणी मुद्दाम शोधत बसलेलं नाही. पण 2017 मध्ये न्हावा-शेवा बंदरात जे झालं ते बघा. तेव्हाही लक्ष्य दुसराच देश होता.

27 जून 2017

त्या दिवशी जेएनपीटीमधलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल अडकलं. ते चालवणारी एपीएम टर्मिनल्स ही डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची कंपनी. मर्स्कची कॉम्प्युटर यंत्रणा जगभर एकाच दिवशी कोलमडली होती. कुठला कंटेनर कुठे ठेवलाय, कुठल्या जहाजावर चढवायचाय, हे सगळं सिस्टिम सांगते. ती गेली आणि काम हाताने करायची वेळ आली. क्रेन जागेवर होत्या, माणसं होती, मालही होता. फक्त माहिती नव्हती.

आपल्या खानदेशची केळीसुद्धा न्हावा-शेव्यातूनच परदेशात जाते. "सिस्टिम सुरू होऊ द्या" म्हटलं म्हणून केळी पिकायची थांबत नाही.

आला कुठून?

या व्हायरसचं नाव नॉटपेट्या. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं हिशेब आणि कराचं सॉफ्टवेअर घरोघरीच्या कंपन्यांत चालायचं, आपल्याकडे टॅली चालतं तसं. हल्लेखोर ते बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरले आणि अपडेटमध्येच व्हायरस घातला. म्हणजे वापरणाऱ्याने कुठल्याही भलत्या लिंकवर क्लिक केलेलं नव्हतं.

पुढे तो दोन वाटांनी पसरला. पहिली वाट म्हणजे विंडोजमधली एक त्रुटी. तिचा फायदा घेणारं हत्यार अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेकडून चोरीला गेलं होतं. मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच दुरुस्तीचं अपडेट दिलं होतं, पण अनेकांनी ते टाकलंच नव्हतं. दुसरी वाट म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीतले पासवर्ड चोरायचे आणि त्याच पासवर्डने शेजारच्या कॉम्प्युटरमध्ये घुसायचं. त्यामुळे एक मशीन कच्चं राहिलं, की अपडेट केलेली मशीनंही जायची.

स्क्रीनवर 300 डॉलरचे बिटकॉइन मागितले जात होते. पण पैसे भरून फाइल परत मिळणारच नव्हत्या, कारण तो नासधूस करण्यासाठीच बनवला होता. फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने यामागे रशियाचं लष्कर असल्याचं जाहीर केलं. भांडण रशिया-युक्रेनचं आणि काम थांबलं उरणजवळ!

वीज गेली म्हणून वाचले

मर्स्कच्या यंत्रणेत कोणाला कुठे प्रवेश आहे, याची नोंद ठेवणारे सुमारे 150 सर्व्हर जगभर होते. सगळे एकमेकांशी जोडलेले आणि प्रत्येकात तीच नोंद. एक गेला तर बाकीचे आहेतच, असा हिशेब. पण व्हायरसने जोडलेले सगळेच पुसले.

एक मात्र उरला, घाना देशातला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो सर्व्हर नेटवर्कवर नव्हता! त्या एका प्रतीवरून पुढची उभारणी झाली. कंपनीने सुमारे दहा दिवसांत 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने बसवले. तरी नुकसान 25 ते 30 कोटी डॉलरचं झालं.

मित्रांनो, यातून एकच गोष्ट शिकायची: जोडलेली कॉपी म्हणजे बॅकअप नाही. कायम कॉम्प्युटरला लावून ठेवलेला पेनड्राइव्ह किंवा आपोआप सिंक होणारं फोल्डर व्हायरसच्या तावडीत सापडतं. वाचते ती काढून ठेवलेली कॉपी.

आता आपल्या दुकानाचं बघू

तुमचा टॅलीचा डेटा आज रात्री गेला तर उद्या सकाळी कोणाकडे किती उधारी आहे, हे सांगता येईल का? त्यात जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून 72 महिने ठेवायच्या असतात. "व्हायरसने खाल्ल्या" हे उत्तर नोटिशीला देऊन भागत नाही.

म्हणून एवढं करा:

1. दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या. एका आठवड्याला पहिली, पुढच्या आठवड्याला दुसरी. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की बॅकअपचा पर्याय येतो. काम झालं की डिस्क काढा आणि घरी न्या. रोजचं बिलिंग जास्त असेल तर बॅकअपही रोज घ्या.

2. महिन्यातून एकदा बॅकअप उघडून बघा, शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर. न उघडलेला बॅकअप म्हणजे न वटवलेला चेक.

3. अस्सल विंडोज आणि अस्सल अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरा, अपडेट टाळू नका. एम.ई.डॉकचं वाचून "मग अपडेटच नको" असं ठरवू नका. अपडेटमधून व्हायरस येणं क्वचित घडतं, अपडेट न केल्यामुळे तो येणं नेहमीचं आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर म्हणजे तर दाराची चावी अनोळखी माणसाला देणं.

4. बिलिंगच्या कॉम्प्युटरवर बाकी उद्योग नकोत. सिनेमे, गेम, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पेनड्राइव्ह, सगळं बंद. रोजच्या कामाला अॅडमिन अकाउंट वापरू नका आणि सगळ्या मशीनना एकच पासवर्ड ठेवू नका.

5. स्क्रीनवर खंडणीचा मेसेज दिसला तर आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. घाबरून बॅकअपची डिस्क त्याच मशीनला लावू नका, नाहीतर तीही जाईल. स्क्रीनचा फोटो काढा आणि नॅशनल सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा.

याला खर्च काही हजारांचा आणि वेळ आठवड्याला अर्धा तास. मशीन, शेड, फर्निचर यांचा विमा आपण काढतो. वर्षानुवर्षं जमवलेल्या ग्राहकांच्या आणि उधारीच्या यादीचा विमा म्हणजे ही कपाटातली डिस्क. आज दुकान बंद करायच्या आधी पहिला बॅकअप घ्या, आणि डिस्क काढायला विसरू नका.