वृषभ राशीचा रेणू

बीडमध्ये बैल म्हटलं की पोळा आठवतो, नाहीतर ऊसतोडीला निघालेल्या गाड्या. टपरीवरच्या एनर्जी ड्रिंकचंही बैलाशी नातं आहे! त्यात असलेल्या टॉरीन या रेणूचं नावच बैलावरून पडलंय. 1827 साली टीडमान आणि ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञांना ते बैलाच्या पित्तात सापडलं. लॅटिनमध्ये बैल म्हणजे 'टॉरस', आपली वृषभ रास. डब्यातलं टॉरीन मात्र बैलाचं नसतं, ते कारखान्यात रसायनांपासून बनतं.

टॉरीन मटणात, मासळीत, शिंपल्यांत असतं. धान्य-भाज्यांत जवळजवळ नाहीच. मग गळ्यात माळ घातलेल्यांनी काय करायचं? काही नाही, आपलं शरीर ते स्वतः बनवतं. त्यासाठी मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात, आणि तिळात मेथिओनिन भरपूर. भोगीला तीळ थापलेली बाजरीची भाकरी खाता ना? टॉरीनचा कच्चा माल पोटात गेला! सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात असं 70 ग्रॅमपर्यंत टॉरीन असू शकतं.

मांजराला ही सोय नाही. त्याला पुरेसं टॉरीन बनवता येत नाही. ते मिळालं नाही तर दृष्टी जाते, हृदय कमजोर होऊन फुगतं. दूध-भाकरीवर वाढलेली मनी उंदीर धरते तेव्हा तिला टॉरीनही मिळतं.

मग डबा प्यायल्यावर तरतरी येते ती कशाची? मुख्यतः कॅफीन आणि साखरेची. आपल्याकडे अशा पेयात लिटरमागे 145 ते 300 मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे पाव लिटरच्या डब्यात 75 मिलिग्रॅमपर्यंत. शाळकरी पोरांसाठी हे जास्तच आहे. जुलै 2024 मध्ये तेव्हाचे मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत शाळांपासून 500 मीटरच्या आत अशा पेयांवर बंदी आणण्याची घोषणा केली, ते बरंच झालं. उसाच्या फडात घाम गाळणाऱ्या कोयत्यालाही, म्हणजे ऊसतोड जोडप्यालाही, आधी पाणी, मीठ आणि घडीभर सावलीच हवी.

आणि टॉरीनच्या गोळीने आयुष्य वाढतं का? 2023 मध्ये विजय यादव यांच्या चमूने 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलं की टॉरीन दिलेले उंदीर 10 ते 12 टक्के जास्त जगले. लगेच दुकानात धावू नका. वयाबरोबर टॉरीन घटतं, हा त्यामागचा आधार होता. 2025 मध्ये त्याच नियतकालिकात अमेरिकी संशोधकांनी सांगितलं, की वय वाढलं म्हणून माणसाच्या रक्तातलं टॉरीन घटतंच असं नाही.