सॉफ्टवेअर घेण्याआधी चित्रांचा हिशेब करा
पलूस परिसरातील व्हिडिओ शूटिंगवाल्यांसाठी

लग्नसराई ओसरली की पलूस, किर्लोस्करवाडी, कुंडल भागातील स्टुडिओवाल्यांचे दुसरे काम सुरू होते. निकाह आणि वलीम्याचे चित्रण कॉम्प्युटरवर घेऊन एडिटिंगला बसायचे. नवा कॅमेरा सेकंदाला ५० किंवा १०० चित्रे टिपतो, पण पडद्यावर तेच चित्रण अडखळत चालते. मग कोणी तरी ‘सॉफ्टवेअर बदला’ असा सल्ला देतो आणि हंगामाची कमाई त्यात जाते. आमचे सांगणे एवढेच, की पैसे मोजण्याआधी अडचण नेमकी कोठे आहे ते पाहा.

चित्रांच्या वेगाचा प्रश्न जुनाच आहे. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी स्वतः कॅमेरा बनवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्या काळी कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत. हात चालेल तसा वेग ठरे. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चित्रांचे माप पक्के झाले. आपल्या टीव्हीने २५ चे माप धरले.

आता आपल्या कामाकडे येऊ. पहिला प्रश्न, गिऱ्हाइकाला काय द्यायचे आहे? नवरीची पाठवणी संथ गतीत दाखवायची असेल, तर ५० चे चित्रण २५ च्या टाइमलाइनवर निम्म्या गतीने लावले की झाले. १०० चे असेल तर पाव गतीने. त्यासाठी जास्त वेगाने चालणारे सॉफ्टवेअर लागतच नाही. संपूर्ण फिल्म ५० किंवा ६० च्या वेगाने द्यायची असेल तरच त्याची गरज आहे.

तशी गरज असेल तर ‘डाविंची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती सेकंदाला ६० चित्रांपर्यंत चालते. १२० पर्यंत जायचे तर तिची ‘स्टुडिओ’ आवृत्ती एकदाच विकत घ्यावी लागते. ‘प्रीमियर प्रो’ला वर्गणी भरावी लागते. ‘शॉटकट’ आणि ‘केडेनलाइव्ह’ पूर्णपणे मोफत आहेत आणि त्यांत वेग आपण ठरवू शकतो. मात्र टाइमलाइनचा वेग सुरुवातीलाच ठरवा, मागाहून बदलणे त्रासाचे होते.

पुष्कळदा दोष सॉफ्टवेअरचा नसून कॉम्प्युटरचा असतो. कॅमेऱ्याची फाईल घट्ट दाबून साठवलेली असते आणि ती उलगडताना मशीनला धाप लागते. यावर बिनखर्चाचा उपाय म्हणजे प्रॉक्सी, म्हणजेच चित्रणाची हलकी नक्कल. काम नकलेवर करायचे; शेवटची फिल्म मूळ चित्रणातूनच निघते.

मॉनिटरही तपासा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १२० चित्रे दिसणे शक्य नाही, सॉफ्टवेअर कितीही महाग असो. त्याच मॉनिटरवर ५० चे चित्रणही किंचित अडखळते. मॉनिटरला ५० हर्ट्झची सोय असेल तर ती लावून पाहा.

एक दोष मात्र कोणतेही सॉफ्टवेअर सहजी काढत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मंडपातील पुष्कळसे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. त्याखाली १२० च्या वेगाने चित्रण केले तर फिल्ममध्ये उजेड फडफडतो. म्हणून कॅमेरा पाल पद्धतीवर ठेवून ५० किंवा १०० वर चित्रण करा आणि शटर १/१०० ठेवा.

शेवटी व्यवहाराची गोष्ट. कापड घेताना आपण ते बोटांत धरून पाहतो, तसेच इथेही करावे. आपल्याच कॅमेऱ्याची दोन मिनिटांची फाईल पेनड्राइव्हवर घ्या, मोफत आवृत्तीत घाला आणि आपल्याच मशीनवर चालवून पाहा. काही कॅमेऱ्यांच्या फायली मोफत आवृत्ती घेत नाही. तेही तिथेच कळेल. चोरीचे सॉफ्टवेअर टाळावे. त्यातून व्हायरस शिरला आणि गिऱ्हाइकाचे चित्रण गेले, तर तो निकाह पुन्हा टिपता येत नाही, आणि गेलेला भरवसाही सहजी परत मिळत नाही.