साधने उघडी असावीत

थेरगावात आमच्या घराशेजारी एक वर्कशॉप आहे. तेथील जॉब कारागिराच्या शब्दावर पास होत नाही. ड्रॉइंग पुढ्यात ठेवून दुसरा माणूस गेजने तपासतो. संशोधनात मात्र निष्कर्ष तेवढे छापले जातात, साधने कपाटात राहतात. मग निबंधांची संख्या मोजली जाते, खरेपणा तपासता येत नाही आणि उचलेगिरीचे फावते.

इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या २२ खंडांत मूळ कागदच छापले. त्यांची मते पटोत न पटोत, कागद सर्वांना खुले झाले. आज 'शोधगंगा'वर प्रबंध वाचता येतात. सोबत टिपणे, आकडेही हवेत.

यंदा माझ्या प्रकल्पाला मी टिपणवही जोडणार आहे. चुका दिसतील, पण दिसल्या तरच सुधारतील.