गोळीने दुखणं थांबतं, पण हाडाचं काय?

गोराई-मनोरीची वाडी असो की आरेतला पाडा, गुडघे धरले की माणूस आधी मेडिकलवर जातो. ‘मागची गोळी द्या’ म्हणतो आणि दोन दिवसांत चालू लागतो. मग गोळी सुटत नाही. पाकिटावर प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन लिहिलेले असेल तर ते स्टिरॉइड. चिठ्ठीशिवाय देऊ नये असा कायदा आहे, पण देतात!

दमा, संधिवातात हे औषध लागतेच, त्याला नावे ठेवायची नाहीत. मात्र तीन महिन्यांहून जास्त रोज घेतले तर नवे हाड बनणे मंदावते, खाल्लेले कॅल्शियम अंगी लागत नाही. मग भारा उचलतानाही मणका दबतो.

खुब्याचा धोका निराळा. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अग्रवाला आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले, कोरोनात स्टिरॉइड घेतलेले. एकूण डोस सरासरी ७५८ मिलिग्रॅम. कोरोनाचे निदान झाल्यापासून सरासरी ५८ दिवसांनी दुखणे सुरू झाले. रक्तपुरवठा तुटून मांडीच्या हाडाचा गोळा मरू लागला होता. सुरुवातीला हे एक्स-रेत दिसत नाही, एमआरआय लागतो.

म्हणून गोळी आजच फेकाल, तर तसे करू नका. महिनोन्महिने घेतलेले स्टिरॉइड एकदम तोडले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा. विलेपार्ल्याच्या कूपरसारख्या पालिका रुग्णालयात पाकीट सोबत न्या. जांघेत दुखत असेल तर तेही सांगा; खुब्याचे दुखणे पुष्कळदा तिथेच जाणवते.